प्रश्न पहिला : कुठे निघालात?

मोरेश्वर टिपणीस सरांचा असा ठाम विश्वास होता, की जगातली निम्मी दुःखं प्रश्न नीट न विचारल्यामुळे होतात. उरलेली निम्मी कशामुळे होतात, हे त्यांना एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात पनवेलच्या एस.टी. स्टँडवर कळलं.

मुंबईच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवून सर निवृत्त झाले आणि पनवेलला येऊन राहिले. पनवेल हे काही सरांचं गाव नव्हे. ते त्यांच्या पत्नीचं, वेणूताईंचं माहेर. विश्राळे तळ्याजवळच्या आळीत वेणूताईंच्या वडिलांचं टुमदार कौलारू घर होतं, पुढे ओटी, मागे विहीर. सोय उत्तम होती, पण आळीतली पोरंसोरं आणि म्हातारेकोतारे सगळे सरांना 'जावईबापू' म्हणत. माणसाने उभा जन्म फळ्यापुढे घालवावा, परदेशी मासिकांत आपले लेख छापून आणावेत, आणि म्हातारपणी बाजारात 'जावईबापू, वांगी कवली हायेत, घेवा' असं ऐकावं, याचं दुःख ज्याचं त्यालाच ठाऊक. शेजारचे अण्णा गुप्ते, म्हणजे कचेरीतून पेन्शनीत निघालेले गृहस्थ, कुंपणावरून हाक मारताना त्यातला 'बा' असा काही लांबवत, की सरांना सासरेबुवांची तसबीर भिंतीवरून हसते आहे असं वाटे.

'सर' म्हणणारी माणसं जगात तीनच उरली होती. विद्यापीठाने मेहेरबानी करून सरांकडे तीन पीएच.डी.चे विद्यार्थी राहू दिले होते. दर रविवारी ओटीवर त्यांचा वर्ग भरे. त्या सकाळी सर दाढी दोनदा करत, कोट चढवत, आणि वेणूताईंनी चहा आणून ठेवला तरी 'वर्ग चालू आहे' अशी मुद्रा करत. ते तीन तास सर खऱ्या अर्थाने जगत. बाकीचा आठवडा नुसता जात असे.

विद्यार्थी मात्र एकेक नग होते. बेलपाड्याचा दयाराम म्हात्रे शाळामास्तर होता, हुशार होता, पण त्याचा विषय होता 'कुलाबा जिल्ह्याचा इतिहास, भूगोल, शेती, मिठागरे, चालीरीती आणि भवितव्य'. ज्याला जेवायला वाढताना ताट पुरत नाही, पंगतच लागते, तसा तो विषय. दुसरा परचुरे. तो मुंबईहून येई, आणि त्याने प्रबंधाचं शेवटचं प्रकरण आधीच लिहून टाकलं होतं. निष्कर्ष सगळे तयार होते, फक्त ते कशावरून काढले एवढंच शोधायचं राहिलं होतं. तिसरी झुबेदा. पनवेलच्याच एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याची मुलगी, मुलींच्या शाळेत शिकवणारी. तिने गावोगावच्या बायकांकडून लग्नातली गाणी उतरवून घेतली होती, हिंदूंची, मुसलमानांची, सगळी. ट्रंक भरून गाणी होती, पण त्या गाण्यांना विचारायचं काय, हे तिला ठाऊक नव्हतं.

अशात विद्यापीठाचं पत्र आलं. संशोधन मंडळाचे डॉ. देवस्थळी पुण्याला जाता जाता पनवेलला उतरून विद्यार्थ्यांचे आराखडे पाहतील, आणि त्यांत सुसंगती न आढळल्यास टिपणीसांची मार्गदर्शक म्हणून मान्यता 'पुनर्विचारार्थ' घेतली जाईल. सरांनी पत्र वाचलं आणि ते झोपाळ्यावर बसले. मान्यता गेली की रविवार गेला. रविवार गेला की मग सातही दिवस जावईबापू.

"घाबरताय कशाला?" वेणूताई म्हणाल्या. "अजून महिना आहे. शिकवा की त्यांना."

"शिकवूनच तर ही अवस्था झाली आहे," सर म्हणाले.

पण त्यातूनच त्यांना कल्पना सुचली. पोहणं काही ओटीवर बसून शिकता येत नाही. तिघांना घेऊन एक लहानसा, चिमुकला प्रकल्प सुरुवातीपासून शेवटपर्यंत करायचा. एक प्रश्न, त्याला साजेशी पद्धत, तिच्यातून आलेली सामग्री, आणि सामग्रीत असेल तेवढाच निष्कर्ष. चौघांनी एकमेकांचे हात धरलेले असले पाहिजेत, एकाने सोडला की फेर मोडला. सरांना ही उपमा फार आवडली आणि त्यांनी ती फळ्यावर लिहिलीसुद्धा.

प्रश्न कुठला घ्यायचा, यावर आळीने मुक्तहस्ते सल्ला दिला. अण्णा गुप्त्यांचं म्हणणं, तळ्यात कपडे कोण धुतं याचं संशोधन करा आणि नावं मला द्या. समोरच्या हव्वाबी म्हणाल्या, "प्रोफेसरसाहेब, बाजारात पापलेट इतकं महाग का, हे एक शोधा, सगळ्या मोहल्ल्याच्या दुवा मिळतील." वेणूताईंनी काही सुचवलं नाही. संशोधनाच्या नादात घरातलं बाकडं बाहेर जाऊ नये एवढीच त्यांची अपेक्षा होती, आणि ती पुढे पुरी झाली नाही.

शेवटी सरांनी ठरवलं, की पनवेलचं मर्म त्याच्या स्टँडात आहे. पुण्याचा, पेणचा, उरणचा, अलिबागचा, सगळे रस्ते इथे येऊन फुटतात. तेव्हा पनवेलहून माणसं कुठे जातात आणि कशासाठी, एवढंच विचारायचं. सोपं, स्वच्छ, सुसंगत. संशोधनाचं सगळं सरांना इंग्रजीत सुचत असे, तशी त्यांनी प्रश्नावलीही एका जाडजूड अमेरिकन ग्रंथाच्या धर्तीवर इंग्रजीत लिहिली. परचुऱ्याने तिचं मराठी केलं. दयारामाने सुंदर अक्षरात प्रती काढल्या. झुबेदाने त्या वाचल्या, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, सरांकडे पाहिलं आणि मिटलं.

पहिली माशी परवानगीत शिंकली. स्टँडवरचे कंट्रोलर तुळशीराम भोईर म्हणाले, माझी ना नाही, पण वरून कागद आणा. वरच्यांनी सांगितलं, सरकारी जागा आहे, मामलेदारांना विचारा. मामलेदार म्हणाले, "जनगणना आत्ताच झाली की! पुन्हा माणसं मोजताय? कुणी पळालं की काय?" जनगणना नाही, संशोधन आहे, हे पटवल्यावर त्यांनी संशोधन म्हणजे निवडणुकीचं नव्हे ना, असं विचारलं. ते नव्हे म्हटल्यावर त्यांचा संशय अधिकच वाढला. निवडणुकीसाठी नाही, पगार नाही, मग एक म्हातारा मनुष्य कोट घालून उन्हात का बसतो? अखेर परवानगी मिळाली, पण प्रवाशांच्या बाकांवर बसायचं नाही या अटीवर. मग वेणूताईंचं बाकडं हातगाडीवरून निघालं. त्यांनी ते दारात उभं राहून पाहिलं, आणि त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं बाकड्यापेक्षा जड होतं.

ठरल्या दिवशी चौघंजण स्टँडवर हजर झाले. लग्नसराई असल्याने गर्दी उत्तम होती. पहिला मान दयारामाला दिला. त्याने ओळखीचं गिऱ्हाईक हेरलं, सखूबाई. ती डोक्यावर सुकटीची टोपली घेऊन शिरढोणला लेकीकडे जायला पेणच्या गाडीपाशी उभी होती. दयारामाने प्रश्नावली समोर धरली आणि शाळेत कविता म्हणतात तशा स्वरात विचारलं :

"प्रश्न पहिला. आपण कुठे निघालात?"

सखूबाई जागच्या जागी थिजली. तिने टोपली खाली ठेवली आणि ती फतकल मारून भुईवर बसली.

"मेल्या दया," ती म्हणाली, "तुझ्या आयशीनं तुला येवढंबी नाय शिकवलं? निंगत्या मानसाला कुठं म्हून कुनी इचारतं काय? आता मी नाय जात. पानी आन आदी."

दयाराम पाणी आणायला गेला. तोवर पेणची गाडी गेली. सरांनी खूण केली, चालू ठेवा, एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही. परचुऱ्याने अलिबागला कोर्टाच्या तारखेला निघालेल्या गृहस्थाला गाठलं. ते गृहस्थ प्रश्न ऐकून आधी लाल झाले, मग पांढरे झाले, आणि "हरलो आता, हरलोच!" म्हणत वहाणा काढून बसले. झुबेदाने विचारलेल्या बाईने नुसतंच "कुठं नाय, हितंच" असं सांगितलं आणि ती पुण्याच्या गाडीत अर्धवट चढलेली खाली उतरली. बघता बघता स्टँडावर बसलेल्या आणि पाणी मागणाऱ्या माणसांची रांग लागली. गाड्या रिकाम्या सुटू लागल्या. सर मात्र कागदावर प्रामाणिकपणे लिहीत होते : 'पनवेलची बहुसंख्य माणसे कोठेही जात नाहीत.'

आणि मग आलं वऱ्हाड. काशीराम शेटच्या मुलाचं लग्न पेणला होतं. नवरदेव, करवल्या, ताशेवाले, सगळे खास ठरवलेल्या गाडीत बसत होते. इतका भरघोस नमुना हाती लागलेला पाहून सरांना राहवेना. त्यांनी कोटाची बटणं लावली, स्वतः पुढे झाले, आणि गाडीत पाय टाकणाऱ्या काशीराम शेटना अदबीने विचारलं, "नमस्कार. कुठे निघालात? आणि कशासाठी?"

ताशा थांबला. एक करवली रडायलाच लागली. शेटजी वर टाकलेला पाय खाली घेऊन म्हणाले, "उतरा रे सगळे!" सगळं वऱ्हाड उतरलं. भटजींनी पंचांग काढलं, नारळ मागवला, नवरदेवाला पूर्वेकडे तोंड करून बसवलं, आणि नवरदेव फेट्यासकट उन्हात घामाघूम होऊन सरांकडे असा पाहू लागला, की सरांनी प्रश्नावली पाठीमागे लपवली. लग्न त्या दिवशी लागलं, पण पुढच्या मुहूर्तावर.

तुळशीराम कंट्रोलर धावत आले. "अवो जावईबापू!" ते एवढ्या मोठ्याने ओरडले की उरणच्या गाडीतल्या माणसांनीही माना बाहेर काढल्या. "मी गाड्या सोडायला हाय का परत धाडायला? उचला ते बाकडं!"

म्हणतात ना, हात दाखवून अवलक्षण, तशातली गत. बाकडं हातगाडीवरून घरी आलं आणि त्याच्यामागून संशोधन आलं.

त्यानंतर सरांचं घराबाहेर पडणं मुश्कील झालं. पोस्टात जायला म्हणून ते छत्री घेऊन निघाले, की कुंपणावरून अण्णांची हाक येई, "काय जावईबापू, कुठे निघालात?" सर म्हणजे शास्त्राचा माणूस. असल्या खुळचट समजुतींवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ते ताठ मानेने फाटकापर्यंत जात. तिथे त्यांचा पाय घुटमळे. मग ते "चष्मा विसरलो वाटतं" असं पुटपुटत परत येत, झोपाळ्यावर बसत, आणि वेणूताईंनी आधीच भरून ठेवलेलं पाणी पीत. दुसऱ्या खेपेला ते पेन विसरत. संध्याकाळी फिरायला जाताना छत्री विसरत, जी त्यांच्या काखेत असे. वेणूताईंनी नवऱ्याचा हा विसराळूपणा निमूटपणे सांभाळला.

रविवार आला. सरांनी दाढी एकदाच केली होती आणि कोट घातला नव्हता.

"मी मंडळाला लिहिणार आहे," ते म्हणाले, "की मला हे झेपत नाही. ज्याला प्रश्न विचारता येत नाही त्याने प्रश्न शिकवू नयेत."

मग झुबेदा म्हणाली, "सर, एक सांगू? पहिला प्रश्न वाचला तेव्हाच मला खटकला होता. आमच्यातही निघालेल्याला 'कहाँ चले' विचारलं तर दादी ओरडते."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, सरांनी लिहिलंय म्हणजे त्यात काही शास्त्र असेल."

"मलाबी तसंच वाटलं," दयाराम म्हणाला. "म्हटलं, इंग्रजीतून आलेल्या प्रश्नाचा अपशकुन लागत नसेल."

परचुरे म्हणाला, की भाषांतर करताना त्याला आईची आठवण येऊन अंगावर काटा आला होता, पण त्याने तो पानाखालच्या टिपेत घालायचं ठरवलं होतं.

सर तिघांकडे पाहत राहिले. म्हणजे चारही जणांना घरी जे ठाऊक होतं, ते चौघेही स्टँडवर जाताना खुंटीला टांगून गेले होते! आणि या पोरांना एवढं सगळं शिकवताना, मास्तरालाही टोकावं, हे शिकवायचं तेवढं राहून गेलं होतं. सरांना आधी लाज वाटली, मग हसू आलं, आणि एकदा आलं ते आवरेना. झोपाळा करकरायला लागला.

"सर," झुबेदा धीर करून म्हणाली, "आपली सामग्री खोटी नाहीये. फक्त ती दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. माणसं कुठे जातात हे नाही कळलं. विचारल्यावर का थांबतात, ते मात्र ढीगभर कळलं. आणि मला माझ्या ट्रंकेला काय विचारायचं तेही सापडलं. लेकीच्या पाठवणीच्या गाण्यांत ती कुठल्या गावी चालली ते गाव कोण सांगतं, कोण टाळतं, आणि का?"

सर उठले आणि आत जाऊन कोट घालून आले. त्या दिवशीचा वर्ग दिवेलागणीपर्यंत चालला. दयारामाच्या कुलाबा जिल्ह्याला कात्री लागली. इतिहास गेला, भूगोल गेला, भवितव्य तर जाताना रडलं, आणि शेवटी 'बेलपाड्याची माणसं पनवेलच्या बाजाराला का येतात' एवढंच उरलं. दयारामाला आधी आपण भिकेला लागलो असं वाटलं, मग या एवढ्याशा प्रश्नातच केवढं काम आहे हे पाहून तो खूश झाला. परचुऱ्याचं शेवटचं प्रकरण मात्र त्याच्या हातून सुटेना. अखेर तोडगा निघाला, की ते पाकिटात घालून वेणूताईंच्या लोणच्याच्या कपाटात ठेवायचं आणि पुरावा गोळा झाल्याशिवाय किल्ली मागायची नाही. वेणूताईंनी किल्ली कमरेला खोवली.

डॉ. देवस्थळी आले. उंच, कोरडे, पांढरे कपडे, पांढरे केस. वेणूताईंच्या हातचं कोळंबीचं कालवण त्यांना चाललं नाही, ते शाकाहारी होते. वालाचं बिरडं त्यांनी गप्प बसून खाल्लं. मग तिन्ही आराखडे वाचले आणि म्हणाले, "हे बरे आहेत. पण टिपणीस, स्टँडचा प्रकार मुंबईपर्यंत आला आहे. आमच्या कुलसचिवांचे व्याही त्या वऱ्हाडात होते."

सरांनी घडलं ते सगळं सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट, आणि त्यातून पोरांना काय गवसलं तेही सांगितलं.

डॉक्टरांनी मान हलवली. "ही सारवासारव झाली. अडाणी माणसं असल्या समजुती पाळत असतील. सुशिक्षितांत हे आता उरलेलं नाही. तुमचा पाहणीचा आराखडा फसला आणि तुम्ही खापर अपशकुनावर फोडता आहात. या मुलांचे आराखडे याच पायावर उभे असतील, तर मला अहवालात तसं लिहावं लागेल."

"पण सुशिक्षितांतही..." परचुरे म्हणाला.

"पुरावा?"

पुरावा नव्हता. कुंपणापाशी जो रोज घडत होता, तो सांगण्याची सरांची छाती होईना. डॉक्टरांनी कागद पिशवीत घातले, उपरणं सारखं केलं आणि ते उठले. पुण्याची गाडी सुटायला थोडाच अवकाश होता आणि संध्याकाळी त्यांची तिथे मोठी सभा होती. त्यांनी एका पायात वहाण घातली.

तेवढ्यात वेणूताई पदराला हात पुसत ओटीवर आल्या. अख्ख्या आयुष्यात त्यांनी उंबऱ्यावरच्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारलं नव्हतं. ज्या घरी त्या वाढल्या तिथे मांजरालाही कुणी तसं विचारत नसे. त्यांनी नवऱ्याच्या पडलेल्या चेहऱ्याकडे एकवार पाहिलं, आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात विचारलं :

"मग? आता कुठे निघालात, डॉक्टर?"

डॉक्टरांची दुसरी वहाण पायात गेली नाही. पाय तसाच अधांतरी राहिला. त्यांनी पुण्याच्या दिशेला पाहिलं, आभाळाकडे पाहिलं.

"चष्मा विसरलो वाटतं आत," ते म्हणाले. चष्मा नाकावर होता.

ते परत आले आणि बरोबर वेणूताईंच्या बाकड्यावर बसले. "जरा पाणी मिळेल का?"

पाणी तयार होतं. परचुरे काहीतरी बोलणार होता, दयारामाने त्याला चिमटा काढला. डॉक्टर सावकाश घोट घेत होते. लांबून पुण्याच्या गाडीचा भोंगा ऐकू आला, आणि गाडी गेली. डॉक्टरांनी भांडं खाली ठेवलं. चौघांच्या चेहऱ्यांवरून त्यांची नजर फिरली, आणि त्या कोरड्या माणसाच्या मिशीचं एक टोक हळूच वर गेलं.

"मी सुशिक्षित आहे, असं धरून चाला," ते म्हणाले.

मग मात्र ओटीवर असा हशा उसळला, की हव्वाबी खिडकीत आल्या. डॉक्टरांनी पिशवीतून कागद काढले, तिन्ही आराखड्यांवर सही केली, आणि सभेला उशीर होईल अशी तार करायला दयारामाला पाठवलं. जाताना तो कुठे निघाला हे त्याला कुणी विचारलं नाही. परचुऱ्याला त्यांनी बजावलं, की तुझा निष्कर्ष लोणच्यातच मुरू दे. निघण्याआधी उरलेलं बिरडं त्यांनी मागून घेतलं.

दिवस कलताना सर डॉक्टरांना दुसऱ्या गाडीवर पोचवायला निघाले. अंगात कोट, हातात डॉक्टरांची पिशवी. वेणूताई दारात उभ्या होत्या, आणि सर वळून नुसतं "बरं का" म्हणाले. त्यात एवढ्या वर्षांचं सगळं आलं, आणि ते वेणूताईंना समजलं.

अण्णा गुप्ते कुंपणावर होतेच. सकाळपासूनचं सगळं त्यांनी ऐकलं होतं, कारण ऐकणं हाच त्यांचा व्यवसाय होता. सरांना पाहताच सवयीने त्यांचं तोंड उघडलं. सरांचा पाय क्षणभर थबकला. अण्णांनी एकदा पांढऱ्या कपड्यांतल्या पाहुण्यांकडे पाहिलं, एकदा सरांच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं, आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"या जाऊन, सर," ते म्हणाले.

सर फाटकाबाहेर पडले. या खेपेला त्यांचा चष्मा, पेन, छत्री, काही म्हणजे काही घरी विसरलं नव्हतं.